उपांशु

माझी आजी पहाटे देवघरासमोर जपाला बसे तेव्हा तिचे ओठ हलत असत आणि आवाज मात्र येत नसे. एकदा मी तिला विचारले, तू नुसतेच ओठ हलवतेस की खरेच काही म्हणतेस? हातातला मणी पुढे सरकेपर्यंत तिने मला थांबवले आणि मग सांगितले की जप तीन परींचा असतो : सगळ्यांना ऐकू येतो तो वाचिक, ओठ हलतात पण शेजारी बसलेल्यालाही ऐकू येत नाही तो उपांशु, आणि ओठही हलत नाहीत तो मानस. वाचिकाहून उपांशु थोर, उपांशुहून मानस थोर, असे ती म्हणाली आणि पुन्हा तिचे ओठ हलू लागले. त्या वेळी माझ्या मांडीवर एक रशियन चित्रपुस्तक उघडे होते. बर्फ, बर्च वृक्षांचे पांढरे बुंधे आणि समोवाराभोवती बसलेले कुटुंब. आजीच्या त्या निःशब्द ओठांचा या चित्राशी काही संबंध असू शकेल, हे कळायला मला अर्धे आयुष्य जावे लागले.

ती पुस्तके आमच्या पिढीच्या घराघरांत होती. जिल्ह्याच्या गावी प्रदर्शन भरे, लांबलचक टेबलांवर मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके मांडलेली असत आणि खाऊच्या पैशांत त्यांतले एखादे येई. कागद जाड, गुळगुळीत. शाईला एक वेगळाच वास. आणि आतल्या पानावर मराठीत छापलेले ते दूरच्या शहराचे नाव. एवढ्या लांबच्या देशाने आपल्या भाषेची लिपी जुळवून, आपल्यासाठी म्हणून पुस्तक छापावे याचे अप्रूप मला आजही ओसरलेले नाही. त्या पुस्तकांनी मला दिलेला आनंद खरा होता आणि पुढे जे वाचले त्यामुळे तो खोटा ठरला असे मी कधीच म्हणणार नाही. मात्र त्या चित्रांमध्ये आवाज नव्हता. समोवाराभोवतीची ती माणसे काय बोलत असतील, किती मोठ्याने बोलत असतील, दाराकडे पाहत बोलत असतील की निर्धास्तपणे, हा प्रश्न मुलाला पडत नाही. आणि कदाचित पडू नये म्हणूनच बालपण असते.

तो प्रश्न मला पडला तो एका स्त्रीच्या आठवणी वाचताना. लीदिया चुकोव्स्काया हे तिचे नाव. वडील कोर्ने चुकोव्स्की हे रशियन मुलांचे लाडके कवी. आणि लीदिया स्वतः लेनिनग्राडमध्ये साम्युएल मार्शाक यांच्या हाताखाली, मुलांच्या पुस्तकांच्या संपादनखात्यात काम करणारी. रशियन बालसाहित्याला जी नितळ, खेळकर, बुद्धीला मान देणारी भाषा लाभली, ती घडली त्यात या खात्याचा मोठा वाटा आहे. माझ्या मांडीवरच्या पुस्तकाची परंपरा तिथवर जाऊन पोचते. तिथे लीदियाचा नवरा मात्वेई ब्रॉन्स्टाइन याने मुलांसाठी एक पुस्तक लिहिले. तो पदार्थविज्ञानाचा अभ्यासक, तिशीही न गाठलेला, गुरुत्वाकर्षण आणि पुंजसिद्धान्त यांची सांगड घालू पाहणाऱ्या अगदी पहिल्या काही जणांतला. मुलांसाठी लिहिताना सोपे करण्यापेक्षा उलगडून सांगणे महत्त्वाचे, हे लीदियाने त्याला शिकवले आणि त्यातून ‘सौर द्रव्य’ हे पुस्तक सिद्ध झाले. विषय होता हेलियम : जो वायू माणसाने आधी सूर्यात पाहिला आणि सत्तावीस वर्षांनी, १८९५ साली, पृथ्वीवरच्या एका खनिजात शोधून काढला.

इथे क्षणभर मला कोकणात यावे लागते. १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या ज्या खग्रास ग्रहणाच्या निमित्ताने सूर्याच्या प्रकाशातली ती अनोळखी पिवळी रेघ शास्त्रज्ञांच्या नजरेत भरली, ते ग्रहण आपल्याच देशातून दिसले होते. विजयदुर्गाच्या तटाशी असलेले ‘साहेबाचे ओटे’ आजही गावकरी त्या दिवसाशी जोडून दाखवतात. मी त्या ओट्यांवर बसलो आहे. समोर समुद्र, पाठीशी काळा चिरा, आणि मनात लेनिनग्राडच्या एका दिवाणखान्यात हस्तलिखितावर वाकलेले ते तरुण जोडपे. जे फार दूरवर, जळत्या बिंबात दिसते ते आपल्या पायाखालच्या दगडातही असते, एवढे कळायला माणसाला पाव शतक लागले. दुःखाचेही असेच होते की काय कोण जाणे.

ऑगस्ट १९३७ मध्ये ब्रॉन्स्टाइनला अटक झाली. तो कीव्हला आईवडिलांकडे गेला होता. १८ फेब्रुवारी १९३८ रोजी त्याचा खटला चालला आणि त्याच दिवशी त्याला गोळी घालण्यात आली, वय एकतीस. ज्या दोन वर्षांत सोव्हिएत देशात सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना असे मारले गेले, त्यांतला तो एक. पण लीदियाला हे सांगितले गेले नाही. तिला सांगितले गेले ते एक वाक्य : दहा वर्षांची शिक्षा, पत्रव्यवहाराचा हक्क नाही. देशभरातल्या अनेक बायकांना, आयांना, बहिणींना खिडकीपलीकडून हेच वाक्य ऐकवले गेले आणि त्या घरी जाऊन दहा वर्षे मोजू लागल्या. त्या वाक्याचा अर्थ ‘मेला’ असा आहे, हे हळूहळू, एकमेकींच्या चेहऱ्यांवरून त्यांना कळत गेले. मी या वाक्यापाशी नेहमी थबकतो. राज्यसत्ता माणूस मारते हे इतिहासाला नवे नाही. पण मारलेल्या माणसाच्या बायकोला वाट पाहायला लावण्यासाठी एक व्याकरणशुद्ध, सभ्य, कचेरीच्या शिक्क्याला शोभेल असे वाक्य घडवते, त्यात एखाद्या कारकुनाची भाषेवरची हुकमत खर्ची पडते, हे मला बंदुकीहून भयंकर वाटते. मुलांसाठी एकेक वाक्य पारखून घेणाऱ्या संपादिकेच्या वाट्याला हे वाक्य यावे!

त्या खिडक्यांचा एक नियम होता. आत काय चालले आहे ते कोणी सांगत नसे. पण कैद्यासाठी आणलेले पैसे खिडकीतून आत घेतले गेले तर तो जिवंत आहे आणि इथेच आहे, असे समजायचे. आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे दिवस ठरलेले. तेवढ्या एका क्षणासाठी, हातातले पैसे पलीकडच्या हाताने उचलावेत एवढ्यासाठी, बायका रात्रीपासून रांगेत उभ्या राहत. लेनिनग्राडमध्ये नेवा नदीच्या काठी विटांचे एक प्रचंड कारागृह होते, क्रेस्ती नावाचे. क्रेस्ती म्हणजे क्रूस. त्याच्या भिंतीशी आन्ना आख्मातोवा सतरा महिने अशा रांगांत उभी राहिली. तिचा मुलगा आत होता. पहिल्या नवऱ्याला, कवी गुमिल्योव्हला, १९२१ मध्येच गोळी घातलेली. ती रशियाची मोठी कवयित्री आहे हे रांगेतल्या बहुतेकींना ठाऊकही नव्हते. एकदा तिचे नाव कोणीतरी उच्चारले, तेव्हा मागे उभ्या असलेल्या, थंडीने ओठ निळे पडलेल्या एका बाईने तिच्या कानाशी लागून विचारले, की हे सारे तुम्हाला शब्दांत सांगता येईल का. आणि आख्मातोवाने होकार दिला. तिच्या ‘रेक्वियम’ या काव्याची ही जन्मकथा. आख्मातोवाने ती सांगताना एक तपशील जाताजाता नोंदवला आहे आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो : ती बाई कुजबुजली, कारण तिथे सगळ्याच कुजबुजत असत.

कुजबुज, पुटपुट, कानगोष्ट, दबका आवाज, चहाडी : आपल्या भाषेने खालच्या आवाजाच्या किती तऱ्हा वेगळ्या काढल्या आहेत. रशियन भाषेतही कुजबुजणाऱ्या माणसासाठी दोन वेगळे शब्द आहेत. कोणी ऐकेल या भीतीने आवाज खाली आणणारा तो एक. आणि दुसऱ्याचे बोलणे ऐकून वरच्यांच्या कानी घालणारा, ‘शेप्तून’, तो दुसरा. दोन्ही शब्द एकाच धातूतून फुटलेले. एकाच घरात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना ही दोन माणसे राहत होती; आणि पुष्कळदा, हे लिहिताना मन कचरते, ती एकाच देहात राहत होती.

घर म्हणजे काय होते तेही पाहिले पाहिजे. क्रांतीनंतर श्रीमंतांची प्रशस्त घरे सरकारजमा झाली आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब बसवले गेले. ‘कोम्मुनाल्का’ म्हणतात त्या घराला. माणशी नऊ चौरस मीटर असे प्रमाण कागदावर होते. प्रत्यक्षात अनेकांच्या वाट्याला त्याहून कमी येई. जिथे पूर्वी नाचाची मैफल होई त्या दालनात प्लायवुडची आडभिंत उभी राहिली आणि छतावरच्या नक्षीचे दोन तुकडे दोन कुटुंबांत वाटले गेले. स्वयंपाकघर एकच, त्यात प्रत्येकीचे स्वतःचे टेबल, स्वतःचा रॉकेलचा स्टोव्ह, आणि वर छताला प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र दिवा, ज्याचे बटण त्या कुटुंबाच्या खोलीत. दाराच्या घंटेलाही हिशेब असे : अमक्यांसाठी एकदा, तमक्यांसाठी तीनदा वाजवायची. आपल्याला चाळ आठवते, आठवणारच. गॅलरी, सामाईक नळ, शेजाऱ्याच्या घरातल्या फोडणीवरून तिथला वार ओळखणे, भांडणे आणि अडीअडचणीला धावून जाणे, हे सगळे तिकडेही होते. कित्येक जण त्या घरांच्या आठवणी ओलाव्याने काढतात. पण चाळीत भिंतीपलीकडच्या कानामागे फार तर एखादी शेजारीण असते. तिथल्या कानामागे सबंध राज्य उभे होते. शेजाऱ्याविरुद्ध लिहिलेल्या एका चिठ्ठीने त्याची खोली रिकामी होऊ शकत होती, आणि रिकामी खोली कोणालातरी मिळतच होती. भिंतींना कान असतात ही आपली म्हण. कोम्मुनाल्कात ती म्हण उरली नव्हती, तो घराचा नकाशाच झाला होता.

आणि घरमालक राज्य. राहण्याचा पत्ता १९३२ च्या अखेरीस आलेल्या अंतर्गत पासपोर्टात नोंदलेला. इमारतीच्या व्यवस्थापकाकडे प्रत्येकाची नोंद. आणि रात्री अटकेला माणसे आली की झाडलोट करणारा द्वारपाल साक्षीदार म्हणून सोबत. दारामागे गरम कपडे, साबण, मोजे भरलेली छोटी बॅग तयार असे. रात्री लिफ्टचा आवाज येई आणि सबंध इमारत अंधारात डोळे उघडे ठेवून ती कितव्या मजल्यावर थांबते ते ऐकत राही. ती वरच्या मजल्याकडे निघून गेली, की सुटकेचा निःश्वास टाकल्याची लाज घेऊन पुन्हा झोपेची आराधना. मी या लाजेबद्दल फार विचार करतो. सत्ता माणसाच्या घरात शिरते म्हणजे काय, याचे उत्तर मला तिच्यातच सापडते. ती येऊन काही हिसकावून नेईलच असे नाही. ती न येताही, वरच्या मजल्यावर निघून जाताही, आपल्याकडून शेजाऱ्याच्या अनर्थावर एक निःश्वास वसूल करते.

त्या सामाईक घरांचा आणि त्या सर्वोच्च सत्तेचा एकदा अगदी समोरासमोर संबंध आला. जून १९३४. कवी ओसिप मांदेल्श्ताम याने स्टालिनवर एक कविता रचली होती, काही विश्वासातल्या माणसांना म्हणून दाखवली होती, आणि त्यासाठी त्याला अटक झाली होती. मॉस्कोत बोरीस पास्तरनाकच्या घरी टेलिफोन आला. पलीकडे स्वतः स्टालिन. ओसिपच्या पत्नीने, नादेज्दाने, लिहून ठेवलेल्या हकिगतीनुसार पास्तरनाकने आधी तक्रार केली ती नीट ऐकू येत नसल्याची : हे सामाईक घर आहे, बोळात मुले गोंगाट करत आहेत. एका कवीच्या जिवाबद्दल चाललेले ते संभाषण आणि त्यात घुसलेला मुलांचा दंगा. त्या सबंध काळात मला माहीत असलेला हा एकच क्षण असा आहे, की जिथे सत्तेला घरच्या आवाजापुढे थांबावे लागले. आणि तो आवाज काढणाऱ्यांना आपण कोणाच्या बोलण्यात व्यत्यय आणतो आहोत याची गंधवार्ताही नव्हती. पुढे पास्तरनाक म्हणाला की मला तुमच्याशी जीवन-मरणाविषयी बोलायचे आहे, आणि पलीकडून टेलिफोन ठेवला गेला.

आता आजीकडे परत येतो. लीदियाने आख्मातोवाविषयीच्या नोंदींत एक दृश्य पुन्हा पुन्हा घडल्याचे सांगितले आहे. आख्मातोवा फोन्तान्का नदीजवळच्या जुन्या वाड्याच्या एका खोलीत राहत होती, आणि त्या खोलीत तिला कुजबुजण्याचीही धास्ती वाटे. बोलता बोलता ती मध्येच गप्प होई, डोळ्यांनी छताकडे, भिंतींकडे खूण करी, कागदाचा तुकडा घेई आणि चहाबिहासारखे काहीतरी साधे, मोठ्याने, भिंतींना ऐकू जाईल असे बोलत तो कागद भराभर लिहून काढी. लीदिया तो वाचे, ओळी मनात पक्क्या करी आणि न बोलता परत देई. मग आख्मातोवा, यंदा शरद लवकर आला असे काहीतरी पुन्हा मोठ्याने म्हणत, काडी ओढून तो कागद राखदाणीवर धरी.

हे दृश्य मी मनाशी कितीदा तरी उभे केले आहे. काडीचा खर्रकन आवाज, कागदाच्या कडेने आत सरकणारी तपकिरी रेघ, अक्षरे काळवंडून मग क्षणभर उजळल्यासारखी दिसतात ते, आणि समोर बसलेल्या स्त्रीचे किंचित हलणारे ओठ. ती त्या ओळी घोळवत घराबाहेर पडते, हिवाळ्यातल्या रस्त्यावर, ट्रॅमच्या थांब्यावर, एकही शब्द गळू नये म्हणून पावलांच्या तालात म्हणत राहते. हाच उपांशु. कागदावर उमटलेली कविता आधी ओठांत येते, ओठांतून मनात उतरते, आणि जगात तिचा काही मागमूस राहत नाही. आजीने सांगितलेल्या तिन्ही पायऱ्या इथे होत्या, त्याच क्रमाने. पण आजी आपल्या इच्छेने मौनात उतरत होती. शेजारच्या खोलीत आजोबा मोठ्याने वर्तमानपत्र वाचत, सरकारला बोल लावत, आणि तिच्या जपाला त्या आवाजाची आडकाठी होत नसे. आपले मौन आपणच निवडलेले असणे ही केवढी चैन आहे, हे घरातल्या कोणाच्या मनातही आले नसेल.

कवितेचे असे देहात जपणे फक्त आख्मातोवाभोवतीच घडले असे नाही. ओसिप मांदेल्श्ताम २७ डिसेंबर १९३८ रोजी व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मेला. त्याच्या कवितांची हस्तलिखिते उशांत, भांड्यांत लपवून नादेज्दा गावोगाव भटकत राहिली. कागदाचा भरवसा नाही म्हणून तिने त्या पाठही केल्या. स्त्रुनिनो नावाच्या गावात ती सूतगिरणीत रात्रपाळीला होती. यंत्रांच्या रांगांमधून धावपळ करत, तुटलेले धागे जोडत, ती नवऱ्याच्या ओळी पुटपुटत असे. गिरणीच्या खडखडाटात कोणालाही काही ऐकू जाण्याचा संभव नव्हता, म्हणून तीच तिला सर्वांत सुरक्षित जागा. ज्यांच्या घरी कोणी गिरणीत काम केले आहे त्यांना तो आवाज ठाऊक असतो. संध्याकाळी घरी आल्यावरही कान काही वेळ बधिर राहतात. त्या बधिरपणाच्या गाभ्यात एक बाई रात्रभर कविता म्हणत होती. आणि तिच्या त्या ओळी विसरू न देण्याच्या हट्टाला मी काय नाव देऊ? प्रेम हा शब्द इथे फार लवकर सापडतो. मला त्यात एका कारागिराची निष्ठाही दिसते, जी धागा तुटलेला पाहूच शकत नाही.

इथे मला अण्णाभाऊ साठे आठवतात, आणि त्यांना टाळून मला पुढे जाता येणार नाही. ते १९६१ मध्ये रशियाला गेले आणि परतल्यावर ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेला, मुंबईत गिरणीत राबलेला, घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहून लिहिणारा हा माणूस. महायुद्धात त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला होता. ज्या भूमीसाठी डफावर थाप मारली ती भूमी त्यांना पाहायची होती. तिथे त्यांचे स्वागत झाले, त्यांना कोणी जात विचारली नाही, आणि त्यांनी जे पाहिले ते मनापासून लिहिले. त्या पुस्तकाकडे आज शहाणपणाच्या उंचीवरून पाहणारे लोक मला अस्वस्थ करतात. ज्याला स्वतःच्या गावात पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्याला परक्या शहरात ताठ मानेने चालता आले तर त्या चालण्याचे मोल त्यालाच ठाऊक. समतेचे ते स्वप्न पडण्यामागची भूक खरी होती. म्हणून तर त्या स्वप्नाच्या नावाने भिंतींना कान बसवले गेले याचा मला इतका राग येतो. माणसाची सर्वांत उदात्त मागणी हातात घेऊन त्याच हाताने त्याचे तोंड दाबणे, याहून मोठा विश्वासघात मला माहीत नाही.

काळ थोडा सैल झाला तेव्हा आवाजही किंचित वर आला. १९५७ नंतर ख्रुश्चेव्हच्या कारकिर्दीत पाच मजली, ठोकळेबाज इमारतींच्या रांगा उभ्या राहू लागल्या आणि लक्षावधी कुटुंबांना प्रथमच स्वतःचे दार आणि स्वतःचे स्वयंपाकघर मिळाले. ते एवढेसे, की चार माणसे बसली की पाचव्याने उभेच राहावे. पण त्या चिमुकल्या जागेत एक सबंध संस्कृती वाढली. रात्री उशिरा, चहा, काकडीचे लोणचे आणि धुराने कोंदलेल्या हवेत, माणसे जे कुठेच बोलता येत नव्हते ते तिथे बोलत. आधी नळ सोडून ठेवायचा, किंवा रेडिओ लावायचा; टेलिफोनवर उशी टाकायची, नाहीतर त्याची तबकडी अर्धी फिरवून भोकात पेन्सिल अडकवून ठेवायची, म्हणजे त्यातून कोणी ऐकत असेल तर त्याला ऐकू येणार नाही अशी समजूत. बंदी असलेले संगीत रुग्णालयांतून टाकून दिलेल्या क्ष-किरण फिल्मवर कोरले जाई. मध्यभागी सिगारेटने भोक पाडायचे. तबकडी उजेडात धरली, की कोणाच्यातरी बरगड्या दिसत आणि त्यांवरून सुई फिरू लागली की जाझ ऐकू येई. पुस्तके टंकयंत्रावर, पातळ कागदांच्या चळतीत कार्बन घालून निघत. खालची प्रत इतकी पुसट, की दिव्याखाली धरून वाचावी लागे, आणि ती एका रात्रीपुरतीच मिळे, सकाळी पुढच्या माणसाला द्यायची असे. रात्रभरात सबंध कादंबरी वाचून काढणाऱ्या त्या माणसांची एकाग्रता मी मनात आणू पाहतो. माझ्या कपाटात वर्षानुवर्षे न उघडलेली पुस्तके असतात.

कधी कधी कोणी स्वयंपाकघराचे दार उघडून बाहेरही पडले. २५ ऑगस्ट १९६८ रोजी, चेकोस्लोव्हाकियात रणगाडे घुसल्यानंतर चार दिवसांनी, आठ माणसे भर दुपारी लाल चौकात जाऊन बसली. त्यांच्यात कवयित्री नताल्या गोर्बानेव्स्काया होती, तीन महिन्यांच्या मुलाला बाबागाडीत घेऊन. निषेधाचे फलक तिने बाळाच्या गादीखाली दडवून आणले होते. काही मिनिटांतच सगळे संपले. फलक हिसकावले, माणसे उचलली. पण मला त्या बाबागाडीकडे पाहत राहावेसे वाटते. दुपट्याच्या घडीत लपेटून, बाळाच्या ऊबेखालून, एक वाक्य त्या देशाच्या मध्यभागी पोचले होते.

आणि काही वाक्ये पोचायला फार वेळ लागला. नवऱ्याच्या अटकेनंतरच्या त्या काळात, १९३९-४० च्या हिवाळ्यात, लीदियाने शाळकरी मुलांच्या जाड वहीत एक छोटी कादंबरी लिहिली. ‘सोफ्या पेत्रोव्हना’. तिची नायिका एका प्रकाशनसंस्थेत टंकलेखनाचा विभाग सांभाळणारी साधी बाई, वर्तमानपत्रात आलेल्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवणारी. तिच्या मुलाला पकडून नेतात आणि ती त्याच रांगांत जाऊन उभी राहते. ही वही घरात ठेवणे म्हणजे मरण. म्हणून ती एका मित्राकडे दिली. मग लेनिनग्राडला वेढा पडला, माणसे उपासमारीने रस्त्यात कोसळू लागली, आणि तो मित्र मरणाच्या उंबऱ्यावर असताना, सबंध शहर पायी ओलांडून ती वही आपल्या बहिणीकडे पोचवून आला. बर्फ, अंधार, अंगात त्राण नाही, वजन उचलायचे तर लाकूडफाटा उचलावा, भाकरी उचलावी. आणि कोटाच्या आत छातीशी एक वही. ती रशियात छापली गेली १९८८ साली. ब्रॉन्स्टाइनचे हेलियमचे पुस्तक त्याआधी, १९५९ मध्ये, त्याचा मित्र लांदाऊ याच्या प्रस्तावनेसह पुन्हा मुलांच्या हाती आले होते. त्या नव्या प्रती उघडणाऱ्या मुलांना लेखकाचे काय झाले ते कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही. त्यांनी पिवळ्या रेघेची गोष्ट वाचली असेल आणि खिडकीतून सूर्याकडे पाहिले असेल.

आख्मातोवाची कविता मात्र वीस वर्षांहून अधिक काळ कागदाशिवाय जगली. अकरा माणसांना ‘रेक्वियम’ पाठ होते आणि त्यांतल्या एकानेही तिचा घात केला नाही, असे ती नंतर सांगे. अकरा देहांत वाटून ठेवलेली ती कविता. त्यांना आजारपणे आली, युद्ध आले, स्थलांतरे आली, म्हातारपण आले. एखादा शब्द हरवला तर विचारायला मूळ प्रतही नाही. रात्री झोप येत नसेल तेव्हा, गर्दीत उभे असताना, कोणाच्या अंत्यविधीला, त्यांनी त्या ओळी मनात उजळून घेतल्या असतील, जशी आजी मणी सरकवी तशी, एकेक.

मग १९६२ चा डिसेंबर उजाडला. अण्णाभाऊ परतून साधारण वर्ष लोटले होते. मॉस्कोतल्या एका घरात आख्मातोवाने ‘रेक्वियम’ प्रथमच टंकयंत्रावर घ्यायला सांगितले. ज्या कवितेने आजवर काडीच्या आवाजाखेरीज कुठलाच आवाज ऐकला नव्हता, तिच्यासाठी आता कळा दाबल्या जाऊ लागल्या, एकेका अक्षरामागे एकेक टकटक, ओळ संपली की घंटी आणि गाडा मागे सरकवल्याचा खरखराट. भिंतीपलीकडे सहज ऐकू जाईल असा. पान भरले, यंत्रातून बाहेर निघाले, टेबलावर पालथे ठेवले गेले, त्यावर दुसरे, त्यावर तिसरे. त्या दिवशी राखदाणी कोणी जवळ ओढली नाही.